बर्चच्या रानात पडलेला

२१ मार्च १९६१

आज दवाखान्यात कोणी आलं नाही. बर्फ वरून मऊ झालाय, आत अजून लोखंड आहे.

दुपारी फेव्रोन्यामावशी आली. दुखणं घेऊन नाही, पार्सल घेऊन. नोव्हेंबरात तिने मुलाला, कुज्माला, पाठवलेलं: मोजे, हातमोजे, वाळवलेल्या सफरचंदाच्या फोडी. सगळं तसंच परत आलंय. वर शिक्का आहे, कारण नाही.

"बदली झाली असेल," मी म्हटलं.

"बदली पोराची झाली, का त्याच्या हातांचीही झाली? दोन ओळी खरडायला काय होतं मेल्याला?"

लगेच तिने जीभ चावली आणि छातीवर क्रूसाची खूण केली. मग त्याचं शेवटचं पत्र काढून माझ्यापुढे धरलं. तिला वाचता येत नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीचं ते पत्र मला आता न पाहता म्हणता येतं, तरी तिच्यासमोर मी कागदाकडे बघूनच वाचते. "आई, इथं औषधालाही झाड नाही. वारा मात्र फुकट. काय काम करतो ते विचारू नकोस, काम मोठं आहे. मोजे पाठव." पत्त्यात गावाचं नाव नाही, नुसता टपालपेटीचा आकडा. सैन्यात सक्तीची वर्षं भरणाऱ्या पोरांचे पत्ते असेच असतात म्हणे.

कुज्मा म्हणजे या गावात मी सोडवलेलं पहिलं बाळ. तेव्हा मी बावीस वर्षांची होते. माझ्या नवऱ्याला, ग्लेबला, पोलिसांनी घरातून नेऊन दोन वर्षं झाली होती. नवरा असा गेलेल्या बाईला शहरात कोणी कामावर घेईना, म्हणून इथं आले. बाळ पायाळू होतं. मला बाहेर आधी त्याचा पाय दिसला, आणि पळून जावंसं वाटलं. मावशीच ओरडली, "अगं पोरी, रडतेस काय, ओढ!"

२५ मार्च

आजच लिहायला हवं. उद्या मीच स्वतःला समजावीन की असं काही झालंच नाही.

सकाळी आकाशात दोनदा धडाका झाला. खिडक्यांच्या काचा हलल्या. बाहेर आले तर बर्चच्या रानावर एक मोठी छत्री उतरत होती, आणि तिच्याखाली माणूस. नारिंगी कपड्यांतला, हात बाजूला सुटलेले. पाय झाडत नव्हता, ओरडत नव्हता. मी पिशवी उचलली, स्की बांधल्या आणि निघाले.

रानाच्या कडेला पोचले तेव्हा सैनिक आधीच आले होते. त्यांचं हेलिकॉप्टर मळणीच्या खळ्यावर उतरलं होतं. एका शिपायाने मला आडवा हात घातला.

"मागं व्हा, बाई."

"मी इथली डॉक्टर आहे."

"इथं डॉक्टरचं काम नाही."

"माणूस पडलाय आणि डॉक्टरचं काम नाही?"

तो माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत राहिला. त्याच्या खांद्याशेजारून मला दिसत होतं. तो माणूस बर्फात उताणा पडला होता. त्याच्याभोवती तीन-चार जण उभे, एक तर चक्क सिगारेट ओढत होता. कोणी वाकलं नाही. कोणी नाडी पाहिली नाही. आणि मला त्याचा हात हललेला दिसला. उजवा हात, कोपरापासून वर उचलला गेला आणि पडला.

"तो जिवंत आहे!" मी ओरडले. सिगारेटवाल्याने वळून पाहिलं आणि तो हसला. देवा, हसला.

मग त्यांनी त्याला ताडपत्रीत गुंडाळलं, पोतं उचलावं तसं उचललं आणि नेलं.

परतताना वाटेवर फेव्रोन्यामावशी दिसली. लाकडाच्या ढलप्या गोळा करायला ती पहाटेच रानात गेली होती. ओढगाडी रिकामी, डोक्यावरचा रुमाल मागे पडलेला, आणि ती बर्फात बसून होती.

"कापा," तिने मला नावाने हाक मारली, "मी त्यांच्या आधी पोचले होते. माझा कुज्मा होता गं."

२६ मार्च

रात्रभर मावशीजवळ बसले. ती रडत नाही. तेच तेच सांगते, पण प्रत्येक वेळी अगदी तसंच सांगते. टोपावरची काच उघडी होती. डोळे उघडे होते. पापण्या होत्या. तिने गालाला हात लावला तर गाल गार आणि गुळगुळीत, दाढीचं एक खूट नाही. "लहानपणी होता तसा." आणि कपाळावर पांढरी पट्टी, तिच्यावर अक्षरं.

पट्टीचं ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मेलेल्या माणसाला पेटीत ठेवताना आपण कपाळावर प्रार्थनेची पट्टी बांधतो, ती मावशीला ठाऊक आहे. नवऱ्याला नाही बांधता आली, तो युद्धातून आलाच नाही. आईबापांना तिने स्वतःच्या हातांनी बांधली होती. म्हणजे हा मरणार हे त्यांना वर पाठवण्याआधीच ठाऊक होतं? तयारी करूनच पाठवला?

मी इथं खरं तेच लिहीन. मावशीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तो कुज्मा होता असं मी म्हणू शकत नाही. पण तो माणूस होता. हात हलला होता.

दुपारी क्लबमध्ये सगळ्यांना बोलावलं. रेडिओवर बातमी झालीच होती: अंतराळयान पृथ्वीभोवती फिरून सुखरूप परतलं, आत एक कुत्री होती, तिची तब्येत उत्तम आहे. कुत्रीचं नावही सांगितलं.

"कुत्रीचं नाव सांगितलं," गोठ्यातली उस्तीन्या मोठ्याने म्हणाली, "माणसाचं नाही."

पुढे उभा असलेला कॅप्टन तरुण होता, तिशीचा असेल. आर्तामोनोव नाव सांगितलं. आवाज घोगरा, जुनं पडसं असावं तसा. "नागरिकहो, इथं कोणी मेलेलं नाही. तो बाहुला होता. रबर आणि लोखंड. माणूस पाठवण्याआधी आसन आणि छत्री तपासायची, म्हणून पाठवलेला."

"लोखंडाला पापण्या असतात का?" मावशीने विचारलं.

"आई, त्या चिकटवलेल्या होत्या. लोकांनी घाबरू नये म्हणून तोंडावर लिहिलंसुद्धा होतं, 'बाहुला' म्हणून."

बाहुल्यावर कोणी 'बाहुला' असं लिहितं का? गाईवर आपण 'गाय' लिहितो का? जे नाही तेच लिहावं लागतं.

सामुदायिक शेतीचा अध्यक्ष पोर्फिरी लुकिच टेबलावर मूठ आपटून उठला. "बायांनो, सरकार म्हणतं बाहुला, तर बाहुला! उद्या सरकार म्हणालं लुकिच गाय आहे, तर मी दूध देईन. चला, कामाला लागा."

"तुझं दूध पिणार कोण, लुकिच?" उस्तीन्या म्हणाली. लोक हसले. हसत हसत बाहेर पडले, आणि बाहेर येताच पुरुषांनी टोप्या काढून रानाकडे तोंड केलं.

२८ मार्च

कॅप्टन आज दवाखान्यात आला. थंडीने हातांची कातडी फुटली होती. त्याने हातमोजे काढले. दोन्ही हातांच्या मागच्या बाजूला नवी गुलाबी कातडी, ताणलेली, चकचकीत. मानेवर मागून तसंच, एका कानाची पाळी नाही. पाच-सहा महिन्यांपूर्वीचं भाजणं असावं.

"हे कशाने?"

"स्टोव्ह उडाला."

स्टोव्हने तोंड भाजतं, तळवे भाजतात. मानेची मागची बाजू आणि हातांच्या पाठी अशा भाजतात त्या डोकं हातांनी झाकून आगीकडे पाठ करून पळणाऱ्याच्या. दारू पिऊन कुठल्या शेकोटीत पडला असेल. मी मलम लावलं.

"तुम्ही शिकलेल्या आहात," तो म्हणाला. "बायका तुमचं ऐकतात. त्यांना समजवा."

"तुम्ही मला त्याला पाहू दिलं असतंत तर समजावलं असतं."

"बाहुला होता हो तो!" तो जवळजवळ विनवत होता. "मी आईची शपथ घेतो."

"माझ्या नवऱ्याबद्दलही एकाने शपथ घेतली होती. जिवंत आहे, फक्त दहा वर्षं पत्रं लिहायची परवानगी नाही. पुढे एक कागद आला: चव्वेचाळीस साली न्यूमोनियाने वारला. मग दुसरा कागद आला: बेचाळीस साली, हृदयविकाराने. दोन्हींवर शिक्के होते. कॉम्रेड कॅप्टन, तुम्ही शपथ घेतलीत की मला जास्त भीती वाटते."

त्याने मान खाली घातली. तेवढ्यात मावशी आत आली. तिला कोणीतरी सांगितलं होतं की तो इथं आहे. तिने न बोलता पत्र त्याच्यापुढे धरलं. अक्षरं कळत नसली तरी पत्त्याचा आकडा कुठे आहे ते तिला बरोबर ठाऊक आहे. त्यावर बोट ठेवलं.

"हा माझा मुलगा. इथं होता. तो आता कुठे आहे ते सांग."

कॅप्टनने आकडा पाहिला. चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी पुष्कळ माणसांना पाहिलंय, पण इतक्या झटकन नाही.

"शेवटचं पत्र कधीचं?"

"हेच. ऑक्टोबरचं."

"त्यानंतर?"

"त्यानंतर पार्सल परत आलं."

तो उठला. टोपी हातात होती ती पुन्हा घातली, पुन्हा काढली. "इंधनाच्या तुकडीत होता का?" त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता माझ्याकडे वळून पाणी मागितलं. पेला त्याच्या दातांवर वाजत होता.

"माझा कुज्मा मेला का रे, बाळा?" मावशीने हळू विचारलं.

"मला सांगायची परवानगी नाही, आई."

मग तो खाली वाकला, तिच्या हातावर कपाळ टेकवलं आणि निघून गेला. मलमाची डबी बरोबर द्यायचंही मला सुचलं नाही.

बाहुल्यासाठी कोणी असं वाकत नाही. आज माझी खात्री झाली. मोतीबिंदू असला तरी आईचे डोळे ते आईचे डोळे. तो कुज्माच होता, आणि मी पंचवीस पावलांवर उभी होते.

२ एप्रिल

आज नववा दिवस. मावशी म्हणाली, देह नाही दिला तर नाही, जागा तरी हवी.

काल लुकिच माझ्याकडे आला होता. तोंड लाल. "डॉक्टरीणबाई, थडगं करणार म्हणे? कोणाचं? पुरताय काय? जिल्ह्याहून कोणी आलं तर माझं कातडं सोलून त्याचे बूट शिवतील!"

"तुझ्या कातड्याचे बूट गळतील, लुकिच."

तो खुर्चीत बसला. बराच वेळ टोपीची झालर ओढत राहिला. "माझाही भाऊ आहे तसाच," तो म्हणाला. "युद्धात गेला. स्मोलेन्स्कजवळ कुठेतरी. कुठेतरी म्हणजे कुठेच नाही." उठताना म्हणाला, "उद्या मी जिल्ह्याला जातोय, ट्रॅक्टरचे भाग आणायला. माझी घोडी आणि पहारी कोठारात असतील. कोणी चोरल्या तर मला कळणार नाही."

जमीन गोठलेली. आधी शेकोटी पेटवून ती मऊ करावी लागली. आम्ही सगळ्या बायकाच. उस्तीन्या पहार घालताना शिव्या देत होती, सरकारला की जमिनीला कळेना. खड्ड्यात ते पार्सल ठेवलं, मोज्यांसकट, आणि छत्रीच्या दोराचा एक तुकडा. मावशीने त्या दिवशी कुऱ्हाडीने तोडून कोटाखाली लपवला होता. सफरचंदाच्या फोडी ठेवायच्या की नाही यावर थोडा वाद झाला. मावशी म्हणाली, "ठेवा. त्याला आवडतात."

पाटीवर नाव लिहिलं. तारखेची जागा मी कोरी सोडली. मरणाची तारीख लिहायची म्हटलं की माझा हात थांबतो.

घरी येऊन अंगातून हिव जाईना. डोळे मिटले की तो हात दिसतो. वर येतो, पडतो. त्या शिपायाला ढकलून गेले असते तर? त्याने गोळी घातली असती का? बहुतेक नाही. नुसता ओरडला असता. ज्या हातांनी त्याला जगात ओढला, ते हात पिशवीच्या बंदांशी खेळत उभे राहिले. तो तेव्हा जिवंत होता का, एवढंच मला कळायला हवं. दुसरं काही नको.

१२ एप्रिल

क्लबच्या भोंग्यावर दुपारी बातमी झाली. माणूस अंतराळात जाऊन परत आला. जिवंत, हसतमुख. मुलं दप्तरं टाकून रस्त्यावर. लुकिचने स्वतःचं दारूचं पिंप फोडलं. सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते, मलाही मारल्या, आणि खरं सांगायचं तर मीही रडले. आनंदानेच रडले. मग रेडिओ म्हणाला, "जगातला पहिला माणूस," आणि आमच्याकडच्या सगळ्यांच्या मिठ्या सुटल्या. कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी मावशीकडे गेले. मला वाटलं ती चिडली असेल.

"तो पोरगा नीट उतरला ना?" तिने विचारलं.

"उतरला."

"आई आहे त्याला?"

"आहे म्हणे."

"मग झालं. कुज्माने वाट तुडवून दिली." थोड्या वेळाने म्हणाली, "बर्फात पहिला चालतो त्याचेच पाय भिजतात गं. मोजे वेळेवर पोचायला हवे होते."

३ मे

चाळिसावा दिवस. आज आत्मा पृथ्वी सोडतो. मावशीने पहाटेपासून घावन केले, मधात गहू शिजवले. बर्फ गेलाय, चिखल आहे, बर्चला पालवी फुटायच्या बेतात आहे.

आम्ही थडग्यापाशी बसलो होतो तेव्हा वाटेवरून तो आला. कॅप्टन आर्तामोनोव. गणवेश नव्हता, साधा कोट, चिखलाने भरलेले बूट. स्टेशनपासून चालत आला होता. मी उठले. वाटलं, आता हे मोडणार. पण तो एकटाच होता. त्याने पाटी वाचली, कोट काढून जमिनीवर टाकला आणि मावशीसमोर गुडघ्यांवर बसला.

"आई, हे बोलल्याबद्दल मला शिक्षा होऊ शकते. तरी मी बोलणार. तुमचा मुलगा मार्चमध्ये नाही गेला. ऑक्टोबरमध्ये गेला. तिकडे, दक्षिणेत, जिथे झाड नाही. रॉकेट उडायच्या आधीच जमिनीवर आग लागली. खूप जण होते. मी यादी शोधून पाहिली, त्यात त्याचं नाव आहे. इथं पडला तो खरंच बाहुला होता."

ऑक्टोबर! माझं डोकं तापलं. पुन्हा तेच. चव्वेचाळीस, बेचाळीस. न्यूमोनिया, हृदयविकार. माणूस डोळ्यांदेखत मार्चमध्ये पडतो आणि हे त्याला ऑक्टोबरमध्ये मारून ठेवतात, म्हणजे आकाशाशी त्याचा संबंधच नको. मी बोलणार होते, पण मावशीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तिला राग आला नव्हता. ती मुलाला चुकीचं गणित समजावून सांगावं तशी बोलली.

"लेकरा, तू म्हणतोस ऑक्टोबर. बरं. तेव्हा त्याच्याजवळ कोण होतं?"

त्याने जमिनीवरचा कोट जवळ ओढला.

"त्याचे डोळे कोणी पाहिले? गालाला हात कोणी लावला?"

"कोणीच नाही, आई. जवळ जाताच येत नव्हतं." त्याने हात कोटाखाली लपवले. "मी गेलो नाही. मी पळालो."

"बघ. आणि मी तर हात लावलाय. या हाताने. तो घरी आला होता, बर्चच्या रानात, चुलीतला धूर दिसेल इतक्या जवळ. चेहऱ्यावर एक ओरखडा नव्हता. मी खोटं बोलते का?"

वारा बर्चमधून जात होता. उस्तीन्याने घावनांचं भांडं खाली ठेवलं. कॅप्टन मावशीच्या हाताकडे बघत राहिला.

"नाही, आई," तो शेवटी म्हणाला. "तुमचंच बरोबर आहे. मार्चमध्ये. पंचवीस तारखेला."

"मग आता तारीख लिही, कापा," मावशी म्हणाली, आणि तिने त्याच्या ओंजळीत मधातले गहू घातले. तो मान खाली घालून खात होता, दाणा न् दाणा, आणि त्याचे खांदे हलत होते.

मी घरून रंग आणला. पाटी त्याने धरली. माझा हात या वेळी थांबला नाही. अक्षरं वाळेपर्यंत तो पाटी तशीच धरून उभा राहिला. नव्या कातडीला काठ रुतत असणार, पण कोणाला घेऊ देईना.

स्टेशनच्या वाटेवर ओढ्यापर्यंत मी त्याच्याबरोबर गेले. तिथं विचारलं. "त्या दिवशी मी लांबून पाहिलं. त्याचा हात हलला होता. मी पोचले असते तर..."

"वाऱ्याने छत्री ओढली आणि दोराने हात उचलला," तो म्हणाला. या वेळी तो माझ्या डोळ्यांत बघत होता. "तुमच्या हातात काही नव्हतं. त्याला काही कळलं नाही. त्याला काही दुखलं नाही. एवढं तरी माझं खरं माना."

मी मानलं. का कोण जाणे, या एकाच गोष्टीवर मला शंका आली नाही.

ओढा ओलांडून तो गेला. घरी आले, चहा केला, तो प्याले. ग्लेबला नेल्यापासून तेवीस वर्षांत सरकारच्या माणसांतलं कोणी माझ्याशी खरं बोलल्याचं मला आठवत नाही. आज एक जण बोलला. आधी ऑक्टोबर ऑक्टोबर करत होता, पण शेवटी खरं बोलला.